सामाईक खातं

"फक्त दहा मिनिटं लागतील, मॅडम," तो मुलगा फोनवर म्हणाला. आवाजावरून पंचविशीचा असावा. बोलणं अदबीचं. 19 मार्च जवळ आला होता आणि त्या दिवशी त्याच्या वाहिनीला यवतमाळ जिल्ह्यातल्या घरांवर कार्यक्रम करायचा होता. कुणीतरी त्याला माझा नंबर दिला होता. "तुम्ही शिक्षिका होता, नीट बोलाल. वहिनींचं घर, दादांचा फोटो, शेतातलं एखादं दृश्य. दहा मिनिटं."

मी पुसदला राहते. माहेर फुलसावंगी, तालुका महागाव. भाऊ गेला तेव्हा त्याचा मुलगा चौथीत होता; तो आता पुण्यात नोकरी करतो. माझ्या भावानं आत्महत्या केली. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. घरात आम्ही सगळे "भाऊ गेला" एवढंच म्हणतो. गावाला गेला, बाजारात गेला, तसाच हाही गेला. ऐकणाऱ्यालाही पुढं विचारायची गरज पडत नाही.

"विचार करून सांगते," म्हणून मी फोन ठेवला आणि चार दिवस दुसरं काही केलं नाही.

19 मार्च ही तारीख आमच्याच तालुक्यातली. साहेबराव करपे चिलगव्हाणचे, महागाव तालुक्यातले. 1986 साली याच तारखेला त्यांनी पत्नी आणि चार लेकरांसह वर्धेजवळच्या दत्तपूरला जीवनयात्रा संपवली. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. किसानपुत्र आंदोलनाची मंडळी 2017 पासून या दिवशी अन्नत्याग करतात. करपे यांनी पत्र लिहून ठेवलं होतं, म्हणजे आपण का जातो आहोत हे त्यांनी स्वतःच्या हातानं सांगितलं. पुढच्या चाळीस वर्षांत आमच्या जिल्ह्यातून जी माणसं गेली, त्यातल्या कितीतरी जणांनी एक ओळही मागं ठेवली नाही. त्यांची गोष्ट मग दुसऱ्यांनी सांगितली. माझ्या भावाचीही.

ती आधी तलाठ्यानं सांगितली, मग पोलिसांनी, मग तहसिलातल्या बाबूनं. शेतकरी आत्महत्येच्या प्रत्येक प्रकरणाची चौकशी होते आणि जिल्हाधिकाऱ्यांची समिती ते प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवते. सातबारा नावावर होता का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं? वसुलीचा तगादा होता का? पात्र ठरलं तर एक लाख रुपये: 30 हजार रोख, 70 हजार ठेवीत. भावाचं कर्ज ज्याच्याकडचं होतं त्याच्याकडं ना परवाना होता ना पावतीपुस्तक. त्या काळात वहिनीनं एकच हकीकत किती जणांना सांगितली असेल याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी तिला बसवून विचारायचे, लिहून घ्यायचे आणि अंगठा हवा की सही, ते सांगायचे. वहिनी सातवी शिकलेली. ती सही करायची. शेवटी जो कागद आला त्यावर शब्द होता अपात्र.

खरं सांगायचं तर मला बोलायचं होतं. त्या मुलाचा फोन आला आणि माझ्या मनात पहिल्यांदा तोच कागद फडफडला. माणूस मेला तो मेलाच, आणि त्यावर मरायलाही अपात्र! हे कुठंतरी मोठ्यानं म्हणावं, माईकवर म्हणावं, असं वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. शाळेत तीस वर्षं पोरांपुढं बोलले, पण हे एक वाक्य कुठं बोलायला मिळालं नव्हतं. आता संधी आपल्या पायांनी दारात आली होती.

मग भीती कशाची होती? आपल्याच जिल्ह्यातली दुसरी एक बाई मला आठवत होती.

मारेगाव तालुक्यातल्या जळक्याच्या कलावतीबाई बांदूरकर. नवऱ्यानं आत्महत्या केलेली, पदरात लेकरांचा मोठा गोतावळा. 2008 साली राहुल गांधी त्यांच्या घरी जाऊन आले आणि त्याच जुलैत लोकसभेतल्या विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेत त्यांनी कलावतीबाईंचं नाव घेतलं. एका दिवसात 'कलावती' हे नाव देशभर झालं. मदतही आली, हे सांगितलंच पाहिजे. पण ते नाव पुढं सगळ्यांचंच झालं. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, त्याच लोकसभेत अविश्वास ठरावाच्या वेळी अमित शहांनी ते पुन्हा घेतलं आणि घर, वीज, गॅस आपल्या सरकारनं दिल्याचं सांगितलं. तेव्हा कलावतीबाईंना जळक्यातून जाहीरपणे बोलावं लागलं की असं नाही, मदत मला राहुल गांधींकडून झाली. मी ते पाहत होते. कोण खरं, कोण खोटं याकडं माझं लक्ष नव्हतं. पंधरा वर्षांनंतरही त्या बाईला स्वतःच्याच गोष्टीवर दुरुस्तीपत्र काढावं लागतं, हे मला खुपत होतं. गोष्ट एकदा दाराबाहेर गेली की तिच्यामागं किती वर्षं चालावं लागतं, हे सांगणारं मला दुसरं कुणी भेटलेलं नाही.

आणि मग आमचं स्वतःचं गाव. ऑगस्ट 2021 पर्यंत फुलसावंगी म्हटलं की पुढं "म्हणजे कुठं?" ठरलेलं. मग एका रात्रीत देशाला ते नाव कळलं. वेल्डिंगचं काम करणाऱ्या गावातल्या एका विशीतल्या पोरानं, फार शाळा न शिकता, मोटारीचं इंजिन बसवून हेलिकॉप्टर तयार केलं होतं. चाचणीच्या वेळी पातं तुटलं आणि त्यात तो गेला. कुणीतरी मोबाइलवर ती चाचणी टिपत होतं. दुसऱ्या दिवशी ते चित्रण वाहिन्यांवर, फोनवर, सगळीकडं. 'थ्री इडियट्स'मधल्या रँचोशी तुलना झाली. हळहळही झाली. त्या पोराचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं. मी ते इथं लिहीत नाही.

कारण ते चित्रण मीही पाहिलं. दोनदा पाहिलं. आणि "आमच्या गावचा पोरगा" असं लिहून शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या गटात पुढं धाडलं. भावाच्या मरणाबद्दल एक शब्द कुणी काढला तरी जिच्या कपाळाची शीर उडते, ती मी. त्या घराचा उंबरा मला माहीत होता, आणि तरीही त्यांच्या पोराचा शेवटचा क्षण मी पुसदमधल्या सोफ्यावर बसून पाहिला आणि वाटला. ते पाहताना मला वाईट वाटत होतं, हे खरं आहे. वाईट वाटतं म्हणूनच आपण पाहतो आणि वाईट वाटतं म्हणूनच पुढं पाठवतो. आमच्या कार्यक्रमाचे प्रेक्षकही माझ्यासारखेच, वाईट वाटणारे असणार होते.

वाहिनीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. त्याच्यासाठी मुली पाहणं चाललं आहे. तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "आत्या, तू बोलू नको असं मी म्हणणार नाही. पण माझ्या ऑफिसात मी सांगितलंय की बाबा हार्ट अटॅकनं गेले." एवढंच. फोनवर बराच वेळ दोघंही गप्प. चौथीतल्या पोराला आम्ही जे सांगितलं होतं, तेच त्यानं पुढं जपून ठेवलं होतं. खरं त्याला कधी कळलं, कुणी सांगितलं, हे आम्ही कधी विचारलं नाही. आणि मी निघाले होते महाराष्ट्राला खरं सांगायला!

तिसऱ्या दिवशी एसटीनं फुलसावंगीला गेले. रस्त्याच्या कडेनं पळस फुललेला, हरभरा निघून रानं मोकळी झालेली. वहिनी अंगणात खाटेवर मूगवड्या टाकत होती. खाली अंथरलेला कपडा भावाचा दुपट्टा होता, धुऊन धुऊन विरलेला. मी मनात म्हटलं, हे दृश्य त्या मुलाला मिळालं तर दहा मिनिटांची त्याला गरजच पडायची नाही.

मी सगळं सांगितलं. ती हात न थांबवता ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तुले बोलाचं हाय का, बाई?"

"हो," म्हटलं.

"मंग बोल ना. मले काऊन विचारतं?"

"तुझंही घर आहे ना वहिनी. तुझा नवरा."

तिनं वाटीतलं वाटण बोटांनी सारखं केलं. "पाय बाई, तुह्या भावाची गोष्ट तुही हाय. माह्या नवऱ्याची गोष्ट माही हाय. तू तुही सांग. माही सांगू नको. अन् पोराच्या बापाची तं पोरगाच सांगन, सांगाची असन तवा."

पुढं ती वड्या टाकत राहिली. मी तिच्याकडं पाहत राहिले.

आमचे बाबा गेल्यावर शेतावर वारसांची नोंद झाली होती: आई, भाऊ आणि मी. सातबाऱ्यावर तिघांची नावं, सामाईक खातं. सामाईक जमिनीतला तुकडा कुणाला द्यायचा तर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. वाटणी झाली, पोटहिस्से पडले, मोजणीवाला येऊन धुरे ठरवून गेला, की मग ज्यानं त्यानं आपापलं पाहावं. मी पुढं रीतीप्रमाणं भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. आपल्याकडं बहिणी करतातच. पण ते शेताचं होतं. भावाच्या गोष्टीतलं माझं नाव मी कधी कमी केलं नव्हतं, आणि म्हणूनच मला ती सगळी आपलीच वाटत आली. वहिनीनं दोन वाक्यांत धुरा घालून दिला.

परतीच्या एसटीत मी माझा हिस्सा मोजत बसले. माझ्याकडं नेमकं काय आहे? मला सायकलवर पुढं बसवून शाळेत सोडणारा भाऊ. डी.एड.ची फी भरायला ज्यानं बैल विकला आणि मला ते लग्नानंतर कळलं, तो भाऊ. शेवटच्या दिवाळीला, भाऊबीजेला, ओवाळणीत नेहमीपेक्षा जास्त पैसे टाकणारा. तेव्हा मला वाटलं, कापूस बरा झाला असेल. मी विचारलं नाही. हे माझं. शेवटचे दिवस, शेवटची रात्र, सकाळी कुणी पाहिलं, वहिनी काय म्हणाली, हे सगळं धुऱ्याच्या पलीकडचं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात माईकवर जे बोलत होते, त्यातलं बरंचसं माझं नव्हतंच. मी तेव्हा पुसदला होते.

चौथ्या दिवशी त्या मुलाला फोन लावला. तोवर मी थोडं वाचून, विचारून ठेवलं होतं. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा आपल्याकडं गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 228-अ होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असं 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. भारतीय प्रेस कौन्सिलनं 2019 मध्ये आत्महत्यांच्या बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या: पद्धत वर्णू नका, जागा सांगू नका, भडक मथळा नको, फोटो आणि चित्रण नको. पण कौन्सिलचा अधिकार छापील वृत्तपत्रांपुरता, वाहिन्यांवर तो चालत नाही. आणि शेतकऱ्याच्या विधवेचं, मुलाचं नाव सांगू नका असं म्हणणारा कायदा तर कुठलाच नाही. तिथं समोरच्याची सभ्यता आणि आपला नकार, दोनच गोष्टी हाताशी.

मी त्याला म्हटलं, मी बोलेन. एक बहीण म्हणून, माझ्यापुरतं. घराचं चित्रण नाही, फोटो नाही, वहिनी आणि मुलगा यांचा उल्लेख नाही. कसा गेला हे विचारायचं नाही. दाखवण्याआधी मला ऐकवायचं. आणि कार्यक्रमात टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्यायचा, पाहणाऱ्यांत कुणी त्याच कडेला उभा असेल तर त्याला फोन तरी लावता येईल.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, मला पटतंय. पण व्हिज्युअल नसेल तर डेस्क घेणार नाही." पुढं असंही म्हणाला की त्याचे स्वतःचे काका असेच गेले. हे तो मला का सांगत होता, कळलं नाही. बहुधा त्यालाही कुणी कधी विचारलं नसावं. मी त्याला म्हटलं, "बाळा, तू सांग की मग त्यांची गोष्ट." तो हसला. कार्यक्रमात आमचं घर आलं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी आलं असेल. मी पाहिला नाही.

मग सांगूच नये का? नाही, मला तसं म्हणायचं नाही. सांगण्याची एक वेगळी रीत मी याच जिल्ह्यात पाहिली आहे. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं साहित्य संमेलन भरलं, अरुणा ढेरे अध्यक्ष. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतलं गेलं, मोठा वाद झाला, आणि शेवटी उद्घाटन केलं ते राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्या शेतकरी विधवा. मी मागच्या रांगेत होते. साहित्यिकांनी भरलेल्या मांडवात त्या आपल्यासारख्या बायांच्या जगण्याबद्दल बोलल्या, आणि कुणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून बोलल्या नाहीत. त्यांना तो सराव 'तेरवं' या नाटकानं दिलेला होता. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं. त्यात रंगमंचावर उभ्या राहतात त्या नट्या नव्हेत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकाच. नाटकात एक गोष्ट असते जी मुलाखतीत नसते: तालीम. काय बोलायचं, कुठं थांबायचं, रडायचं की नाही, हे बाई आधी ठरवू शकते. उद्याच्या प्रयोगात बदलूही शकते. मुलाखतीत पहिल्यांदा जे तोंडून निघालं तेच कायमचं राहतं, आणि अश्रू आले तर कॅमेरा नेमका तेव्हाच जवळ येतो.

म्हणून ज्याच्या दारात असा फोन येईल त्याला माझं सांगणं एवढंच आहे. लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. आधी त्या गोष्टीचे खातेदार कोण आहेत ते कागदावर लिहा. त्यात लहान लेकरं असतील तर त्यांचीही नावं घाला, कारण ती मोठी होणार आहेत आणि चित्रण तसंच राहणार आहे. मग आपला हिस्सा मोजा. तो घरात एकदा मोठ्यानं बोलून पाहा. आणि पलीकडच्या हिश्श्यात बातमीदार पाय टाकायला लागला तर "ते माझं नाही" एवढं म्हणायची तयारी ठेवा. असं म्हटल्यावर बातमी होणार नसेल तर नको होऊ दे.

हा लेख मी छापायला देण्याआधी फुलसावंगीला नेऊन वहिनीला वाचून दाखवला. भाच्यालाही पाठवला. "ऑफिसातल्यांना मराठी येत नाही," एवढंच तो म्हणाला, आणि लागलीच, "राहू दे आत्या," असंही. लेखात भावाचं नाव नाही, साल नाही. गावाचं नाव काढू का, असं मी वहिनीला विचारलं. "राहू दे," ती म्हणाली, "गाव काई आपल्या एकट्याचं हाय? गावाले तं सारं ठाऊकच हाय." दुपट्ट्यावरच्या वड्याही राहू दे म्हणाली. दोन ओळी मात्र तिनं काढायला लावल्या.

मी त्या काढल्या.